शिळा भात, कालचा रोहू

ताप उतरला, पण जाताना माझा वास घेऊन गेला. सुरुवातीला मला ते कळलंच नाही. सकाळी आलं घालून चहा केला, पहिला घोट घेतला आणि वाटलं, आलं घालायचं राहिलं की काय. पातेल्यात डोकावले तर आल्याचा चोथा तळाशी होता. मग मी हिंगाचा डबा उघडून नाकाशी धरला. काही नाही. कापूर धरला. काही नाही. फिनाइलची बाटली धरली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, वास नाही आला.

"येईल हळूहळू," डॉक्टर म्हणाले. "कोणाला महिना लागतो, कोणाला वर्ष."

त्या दिवसांत मी जागेपणीच स्वप्नात असल्यासारखी वावरत होते. स्वप्नात माणसं बोलतात, रस्ते ओळखीचे असतात, पण कशालाच वास नसतो, तसं. हैदराबादेत हिमायतनगरच्या आमच्या गल्लीत सकाळी मोगऱ्याची गाडी यायची, दुपारी कोपऱ्यावरच्या हॉटेलात बिर्याणीचा हंडा उघडायचा, आणि या सगळ्यातून मी कशाचाच स्पर्श न होता निघून जायचे. कॉलेजात गणित शिकवायचे, ते मात्र पूर्वीसारखंच जमायचं. गणिताला वास नसतो.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील. मी लग्न केलं नाही. आई जाऊन चार वर्षं झाली होती. वडील एक्क्याऐंशीचे. दिवाणी कोर्टात त्यांनी आयुष्यभर वकिली केली, त्यांचे वडीलही याच शहरात सरकारी नोकरीत होते. काचबिंदूनं वडिलांची नजर आधी कडांनी खाल्ली, मग तो आत आत येत गेला. त्या वर्षी त्यांना फक्त उजेड कुठून येतो तेवढं कळायचं. कोर्ट सुटलं, पेपर सुटला, मग हळूहळू बोलणंही सुटलं. सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे ते दुपारपर्यंत. ऊन सरकलं की खुर्ची थोडी सरकवायचे. मी काही विचारलं तर दखनीत "हौ" नाहीतर "नक्को", एवढंच. मराठीत बोलणंसुद्धा त्यांना लांबचं वाटत असावं.

एप्रिलमध्ये एक गोष्ट घडली. रात्रीचं वरण ओट्यावरच राहिलं होतं. सकाळी मी ते गरम केलं, तूप घालून वडिलांना भाताबरोबर वाढलं आणि कॉलेजला गेले. परत आले तेव्हा ते पलंगावर पोट धरून पडले होते. रिक्षात घालून कोठी भागातल्या दवाखान्यात नेलं, तिथे सलाईन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? मी म्हटलं, वरणभात. आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं.

संध्याकाळी त्यांना बरं वाटलं तेव्हा मी विचारलं, "बाबा, वरण आंबलं होतं का?"

"हौ."

"तुम्हाला वास आला होता?"

"आला."

"मग खाल्लंत कशाला?"

सलाईनचे थेंब पडत होते. मग ते म्हणाले, "तू वाढलं होतंस."

मला राग आला. आधी त्यांचा, मग स्वतःचा, मग कोणाचा ते कळेना. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी रडले. दोन माणसांच्या घरात एकाला दिसत नाही, दुसरीला वास कळत नाही, आणि तरी दोघंही एकमेकांना काही सांगत नाहीत.

त्यानंतर मी उरलेलं काहीही ठेवेनाशी झाले. रोज रात्री जेवणं झाली की फ्रिज उघडायचा आणि जे असेल ते कचऱ्यात. भाजीची वाटी, अर्धी पोळी, सकाळी विरजलेलं दहीसुद्धा. नासलं आहे की नाही हे मला कळणार नव्हतं, म्हणून सगळंच नासलेलं समजायचं. कचऱ्याच्या डब्याचं झाकण वाजलं की खुर्चीतले वडील मान किंचित वळवायचे. आमच्या आईनं आयुष्यात भाताचं शीत वाया घालवलं नव्हतं.

जूनमध्ये मृग लागला. त्या दिवशी हैदराबादेत घरोघरी मासे होतात. मृगाला मासा खाल्ला की वर्षभर दम लागत नाही, असं इथले लोक मानतात. समुद्र आमच्यापासून शेकडो कोस लांब, त्यामुळे इथे मिळणारे मासे तळ्यांतले: रोहू, कटला, मरळ. मुंबईचे नातेवाईक यायचे तेव्हा नाक मुरडायचे. तळ्यातला मासा? त्याला चिखलाचा वास येतो! आई म्हणायची, येतो, म्हणून तर ताकात भिजवायचा.

सकाळी मी चहा दिला तेव्हा वडील स्वतःहून म्हणाले, "आज मृग ना?"

"हो."

"मासे आणायचे."

"बाबा, मला ताजं-शिळं कळत नाही. एकदा झालं तेवढं पुरे."

"मी येतो," ते म्हणाले.

चार महिन्यांत ते घराबाहेर पडले होते ते फक्त दवाखान्यापुरते. मी त्यांना पांढरा सदरा घातला, हातात काठी दिली आणि रिक्षानं आम्ही रामनगरच्या मासळीबाजारात गेलो. आभाळ आलं होतं, ऊन नव्हतं, सगळीकडे एक मऊ करडा उजेड होता. बाजारात माणसांची ही गर्दी. जमिनीवर पाणी, बर्फ, खवल्यांचे ढीग. टबांमध्ये जिवंत मरळ एकमेकींवरून सरकत होत्या. मोठ्या विळ्यांसमोर बसलेली माणसं न थांबता कापत होती. एवढं सगळं, आणि माझ्या नाकापर्यंत काहीच नाही. पाण्याखाली चालल्यासारखं वाटत होतं. मी वडिलांचा दंड घट्ट धरला होता, पण खरं तर तेच मला नेत होते. थोडं चालायचे, थांबायचे, मान वर करायचे. दोन ठिकाणी नुसतं थांबून पुढे निघाले. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, "इथं."

पाटावर रोहू मांडून एक म्हातारी बसली होती. "देखो साब, अब्बीच पानी से निकाले," ती म्हणाली.

वडील वाकले. बोटांनी चाचपत एका माशाचा कल्ला उघडला, नाक जवळ नेलं, अंगठ्यानं पाठ दाबून पाहिली. "अब्बीच नक्को बोलो अम्मा. सुबू का है. लेकिन अच्छा है."

म्हातारीनं त्यांच्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं. "साब, आँखां नईं दिखते क्या?"

"नईं दिखते. इसीलिए तो नाक लेके आया."

म्हातारी मोठ्यानं हसली, शेजारचे दोघं-तिघं हसले, आणि वडीलही हसले. तो आवाज मी इतक्या दिवसांनी ऐकला की क्षणभर वाटलं, दुसरंच कोणी हसतंय.

मासा दोघांसाठी फारच मोठा निघाला. डोकं, शेपूट आणि थोडे तुकडे चिंचेच्या रश्शात घातले, बाकीचे तळले. वडील जेवले, दोनदा रस्सा मागितला. तरीही तळलेले पाच तुकडे, वाटीभर रस्सा आणि बराचसा भात उरला. मी इतकी दमले होते की कचऱ्याचं काम सकाळवर ढकललं आणि सगळं तसंच फ्रिजमध्ये ठेवून झोपले.

दुसऱ्या दिवशी रविवार. उठायला उशीर झाला. पडद्यातून पिवळसर उजेड आत येत होता आणि घर अजून झोपेत असल्यासारखं शांत होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं, एका हातात भाताचं पातेलं घेतलं. तेवढ्यात भिंतीवरून हात सरकत येत असल्याचा आवाज आला. वडील दारात उभे होते. ते स्वयंपाकघरात कधी येत नसत. नजर होती तेव्हाही नाही.

"थांब," ते म्हणाले. "पक्षकाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नसतो."

"काय?"

"एकेक माझ्यासमोर आण."

मी त्यांना स्टुलावर बसवलं. आधी भाताचं पातेलं पुढे धरलं. त्यांनी दोन शितं बोटांत चुरडली, वास घेतला. "मोकळा आहे. ठेव." तळलेला मासा. "ठेव." रस्सा. इथे ते थोडा वेळ थांबले, चमचाभर जिभेवर घेतला. "उत्तम. कालच्यापेक्षा बरा." अर्धा कोबी ठीक होता. गाजर दोन, तेही ठीक. चार दिवसांची कोथिंबिरीची चटणी फ्रिजच्या कोपऱ्यात लपून कचऱ्यातून वाचली होती, तिच्यावर त्यांनी नाक मुरडलं. "ही टाक." सोया सॉसच्या तीन पुड्या होत्या, कधीतरी बाहेरून नूडल्स मागवले होते त्याबरोबर आलेल्या. त्या त्यांनी हातात घेऊन चाचपल्या. "हे काय?"

मी सांगितलं.

"मग तुझ्या आईचा चिनी भात होईल," ते म्हणाले.

मी असा भात घरी कधी खाल्ल्याचं मला आठवत नव्हतं. तसं मी म्हणाले, तर ते म्हणाले, "तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट." आणि ते सांगू लागले. मी ओट्याला टेकून ऐकत राहिले.

पहिला मोठा खटला जिंकला तेव्हा ते आईला सिकंदराबादला एका चिनी हॉटेलात घेऊन गेले होते. जिना चढून वर जायचं, लाल कागदी कंदील, टेबलावर पांढरी चादर. दोघांनाही काय मागवावं कळेना. वेटरनं आणलेला भात आईनं दोन घास खाल्ला आणि ती हळूच म्हणाली, "अहो, हा भात किती उदास आहे." पण उष्टं टाकायचं नाही म्हणून उरलेला बांधून घरी आणला. दुसऱ्या दिवशी घरात रोहूचे तळलेले तुकडे होते. ते तिनं कुस्करले, लसूण, मिरची आणि कढीपत्त्याची फोडणी केली, भात त्यात परतला आणि वर आदल्या दिवशीचा चिंचेचा रस्सा शिंपडला. मग पुढची दोन-तीन वर्षं मासे आणले की दुसऱ्या दिवशी हा भात ठरलेला.

"मग बंद का केला?"

"तू झालीस. तुझ्या घशात एकदा काटा अडकला. तू सव्वा वर्षाची असशील. तुझी आई इतकी घाबरली की घरात रोहू येणंच बंद झालं. नंतर फक्त मरळ, तिला काटे कमी."

मला हे काही माहीत नव्हतं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला आपल्याच घशातल्या काट्याची बातमी पहिल्यांदा कळत होती.

"काटे मी काढतो," ते म्हणाले.

"बाबा, रोहूचे काटे डोळसांनासुद्धा सापडत नाहीत."

"डोळसांना नाहीच सापडत. ते बघत बसतात."

मी त्यांच्यासमोर परात ठेवली. ते तुकडा घेऊन बोटांच्या टोकांनी अगदी सावकाश उकलू लागले. माशाचा एकेक पापुद्रा सुटा होत होता. केसासारखे, टोकाला फाटे फुटलेले काटे ते अंगठा आणि तर्जनीत पकडून ओढत आणि वाटीच्या कडेला पुसून टाकत. मी कोबी चिरला, गाजर चिरलं, लसूण ठेचला, सगळं झालं तरी त्यांचे तीन तुकडे बाकी होते. मग मीही समोर बसले. पंखा फिरत होता. पडद्याचा उजेड त्यांच्या हातांवर हलत होता. खालच्या मजल्यावर कोणीतरी तेलुगूत भजन लावलं होतं, ते येत होतं आणि मधेच वाऱ्यावर जात होतं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मला एकदा वाटलं, समोर आईच बसली आहे आणि मी अजून जन्मले नाही. मग वडील म्हणाले, "झालं," आणि मी भानावर आले.

कढई तापली. तेल घातलं. लसूण घातला आणि मी नेहमीप्रमाणे डोळे फाडून रंगाकडे बघू लागले. गेल्या काही महिन्यांत मी दहा वेळा तरी लसूण जाळला होता.

"तू बघू नकोस," मागून वडील म्हणाले. "मी सांगतो."

मी वाट पाहिली. लसूण अजून पांढराच दिसत होता.

"आता. मिरची, कढीपत्ता."

कढीपत्ता तडतडला. कोबी आणि गाजर घातलं, गॅस मोठा केला.

"हलव, हलव. पाणी सुटू देऊ नको. भात घाल."

भात कढईत पडला आणि फसफसून आवाज झाला. मी झाऱ्यानं परतत होते, ते मागून सांगत होते, आणि हळूहळू मला त्यांच्या सांगण्याच्या आधीच कळू लागलं. आवाज बदलायचा, वाफेची ऊब गालावर वेगळी लागायची. सोया सॉसच्या पुड्या दातांनी फोडून ओतल्या. मासा घातला. शेवटी रश्शाची वाटी घेतली तेवढ्यात ते उठूनच उभे राहिले. "लागला! खाली लागला!" मी घाईनं रस्सा शिंपडला आणि झारा खाली घालून खरवडलं. तळाशी तपकिरी पापडी धरली होती.

"आता काय करू? टाकू?"

"तेच तर मला दे," ते म्हणाले.

आम्ही तिथेच, ओट्याजवळच जेवायला बसलो. मी घास घेतला. भात मोकळा होता, कोबी करकरीत, माशाचे मऊ तुकडे मधेमधे, खरपुडीचा कुरकुरीत कण. जिभेवर खारट, आंबट आणि तिखट, एवढंच. बाकी सगळं नेहमीप्रमाणे कोरं. माझा घास सावकाश चाललाय हे त्यांना ऐकू आलं असावं.

"नाही येत ना काही?"

"नाही."

त्यांनी हातातला घास नाकाजवळ नेला. "आधी लसूण आहे," ते म्हणाले. "भाजका, गोडसर. त्याच्यामागे कढीपत्ता. मग तळलेल्या हळदीचा वास येतो, कालचा. मग चिंच. आणि अगदी शेवटी, घास गिळल्यावर, थोडासा चिखल. तळ्याच्या कडेला म्हशी उतरतात ना पाण्यात, तिथला."

मी डोळे मिटले आणि त्यांच्या बोलण्याबरोबर खात राहिले. लसूण म्हणाले की लसूण, चिंच म्हणाले की चिंच. वास आला असं मी म्हणणार नाही. तो नाही आला. पण मला एक मोठं तळं दिसलं, कडेला गुडघाभर पाणी, त्यात म्हशी, आणि मला वाटलं, मी तिथे गेले आहे. ताप उतरल्यापासून मी कुठेच गेले नव्हते.

"एक सुटला," वडील एकदम म्हणाले आणि तोंडातून एक बारीक काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. आम्ही दोघंही खूप हसलो.

जेवण झाल्यावर मला झोप आली. जमिनीवरच चटई टाकून पडले. जाग आली ती कसल्याशा आवाजानं. दुपार कलली होती. मोरीशी वडील उभे होते, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, हातात ताट. आयुष्यात त्यांनी कधी पाण्याचा पेलासुद्धा विसळला नव्हता. जमिनीवर एका चिनीमातीच्या वाटीचे तुकडे पडले होते.

"वाटी फुटली," ते म्हणाले. "ताटं दोन्ही शाबूत आहेत. कढई तेवढी तुझ्यावर सोडली."

मी तुकडे वेचले. मग विचारलं, "बाबा, त्या दिवशी वरण आंबलेलं होतं, तेव्हा सांगितलं का नाहीत? खरं सांगा."

त्यांनी ताट चाचपून फळीवर उभं केलं. "मला वाटलं, तुला आणखी एक गोष्ट जमत नाही हे तुला कळायला नको. मला काय काय जमत नाही ते रोज एकेक कळत होतं, ते कसं लागतं हे मला ठाऊक होतं." मग दुसरं ताट हातात घेत म्हणाले, "पुढच्या वेळी सांगेन."

आणि ते सांगू लागले. त्या रविवारनंतर रोज संध्याकाळी फ्रिजमधल्या वाट्यांची त्यांच्यासमोर पेशी, म्हणजे सुनावणी, व्हायची. निकाल द्यायला ते वेळ लावायचे, कधी कधी मुद्दाम. टाकलं जाणारं अन्न कमी झालं. मुख्य म्हणजे त्यांचं बोलणं वाढलं. आधी वरण-भाताबद्दल, मग आईबद्दल, मग कोर्टातल्या जुन्या माणसांबद्दल. ऑगस्टमध्ये त्यांनी मला त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका वकिलाला फोन लावायला सांगितला. त्याचं ऑफिस कोठीला आहे. तेव्हापासून दर शनिवारी मी त्यांना तिथे सोडते. तो खटल्याचे कागद मोठ्यानं वाचतो, हे ऐकतात, आणि मधेच म्हणतात, "मागचं पान परत वाच."

माझा वास अर्धामुर्धा परत आला. पहिला आला तो डिझेलचा, कोठीच्या बस स्टॉपवर, आणि मी तिथे खुळ्यासारखी उभी राहून तो घेत राहिले. मोगरा आला, फिनाइल आलं. कॉफी अजून जळक्या रबरासारखी लागते. वडिलांना आता उजेडही कळत नाही. खुर्ची कुठेही ठेवली तरी चालते, म्हणतात.

गेल्या शनिवारी मी त्यांना घ्यायला गेले तेव्हा ऑफिसात चार तरुण वकील त्यांच्याभोवती बसले होते. ते एका वाटणीच्या दाव्याबद्दल काहीतरी समजावून सांगत होते, उर्दू, मराठी आणि इंग्रजी एकमेकांत कालवून. मी दारात उभी राहिले. त्यांनी माझी चाहूल ओळखली, हात वर केला आणि म्हणाले, "पाच मिनिटं थांब बाळ. हे लोक अजून ऐकताहेत."

मी बाहेर बाकावर बसले. चांगला पाऊण तास लागला.